स्टेपर काढून सर्व्हो बसवले: अंबडच्या वर्कशॉपमधला आठ महिन्यांचा अनुभव

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत आमचं छोटं वर्कशॉप आहे. दोन सीएनसी लेथ, त्यातल्या एकीवर गॅन्ट्री लोडर, म्हणजे मशिनवरच्या रेल्सवर सरकणारा यांत्रिक हात. ट्रेमधला बुश (धातूची पोकळ नळकांडी) उचलायचा, चकमध्ये (लेथच्या पकडीत) धरायचा, झालेला जॉब काढून ठेवायचा, एवढंच त्याचं काम. लोडर आम्हीच बनवलेला, तिन्ही अ‍ॅक्सिसला (हालचालीच्या दिशांना) स्टेपर मोटर लावून. पाडव्याला त्या काढल्या आणि 750 वॉटचे एसी सर्व्हो (स्वतःची जागा तपासत चालणाऱ्या मोटरी) बसवले. तेव्हापासून रोज दोन शिफ्ट चालू आहेत. खर्च स्टेपरच्या जवळजवळ तिप्पट आला, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

स्टेपर वाईट नसते. एका फेरीचे 200 टप्पे, ड्राइव्हने (मोटर चालवणाऱ्या कंट्रोलरने) पल्स दिला की एक टप्पा सरकते. पण खरंच सरकली का, हे ड्राइव्हला कळायला काही साधन नसतं. वेग वाढवला की तिचा टॉर्क (फिरवण्याचा जोर) झपाट्याने उतरतो, त्यात रेल्सवर बारीक बुरा साचला की ती हुकते. हुकते तीही चार टप्प्यांच्या पटीत. आमचा बॉलस्क्रू (मोटरचं फिरणं सरळ सरकण्यात बदलणारा स्क्रू) 10 मिमी पिचचा, एका फेरीत 10 मिमी सरकवणारा, म्हणजे एका वेळी 0.2 मिमी गेले. आमच्या ऑपरेटरने होम पोझिशनला (मशिनच्या मूळ जागी) कपलिंगवर, म्हणजे मोटर आणि स्क्रू जोडणाऱ्या तुकड्यावर, आणि शेजारच्या ब्रॅकेटवर मार्करने एक सरळ रेघ मारून ठेवली होती. सकाळी रेघेचे दोन्ही तुकडे जुळलेले असायचे, जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्यांच्यात नखाएवढी फट पडलेली. मग बुश चकमध्ये तिरका बसायचा, जबड्याचे वळ उठायचे आणि जॉब रिजेक्ट. दिवसातून दोनदा होमिंग (मूळ जागी नेऊन शून्य पुन्हा ठरवणं) करत वर्षभर काढलं.

सर्व्होच्या पाठीमागे एन्कोडर (फिरणं मोजणारा सेन्सर) असतो. आमचा 17 बिटचा, म्हणजे एका फेरीचे 1,31,072 भाग. मोटर कुठे असायला हवी आणि प्रत्यक्षात कुठे आहे, हे ड्राइव्ह सेकंदाला हजारो वेळा ताडून बघतो. मागे पडली तर करंट वाढवतो. थोड्या वेळासाठी नेहमीच्या तिप्पट टॉर्कसुद्धा मिळतो. तरीही जमलं नाही तर अलार्म देऊन थांबतो. माझ्या मते पैसे मोजायचे ते या थांबण्याचे. चुकलेली जागा घेऊन मशिन पुढे जात नाही. वेग वाढला हा वरचा फायदा: जॉब बदलायला 14 सेकंद लागायचे, आता 9 लागतात. उभी असतानाही स्टेपर हात भाजेल इतकी तापायची, सर्व्हो जेमतेम कोमट असते. एन्कोडरच्या मोठ्या आकड्याला मात्र भुलू नका. हिशेबाने तो 0.0001 मिमीच्याही खालचं दाखवतो, पण जॉब कुठे बसणार हे शेवटी स्क्रू, बेअरिंग आणि रेल्सच ठरवतात.

उभ्या अ‍ॅक्सिसला ब्रेकवाली मोटर घ्या, तिथे पैसे वाचवू नका. हा ब्रेक 24 व्होल्टवर सुटतो आणि लाइट गेली की स्प्रिंगने आपोआप लागतो. पावसाळ्यात आमच्याकडे लाइट कितीदा गेली, पण ग्रिपर जागचा हलला नाही. हा ब्रेक धरून ठेवण्यासाठी आहे, चालती मोटर थांबवण्यासाठी नाही, एवढं ऑपरेटरला बजावून सांगा.

याच अ‍ॅक्सिसने पहिल्या महिन्यात छळलं. खाली येताना मध्येच ओव्हरव्होल्टेजचा अलार्म. कारण असं की वजन खाली येताना मोटर उलट जनरेटरसारखी वीज तयार करते आणि ती ड्राइव्हमध्ये परत येते. ड्राइव्ह 230 व्होल्ट एसीचे साधारण 325 व्होल्ट डीसी करून वापरतो, त्यावर ही भर पडली की मर्यादा ओलांडली जाते. बाहेरून ब्रेकिंग रेझिस्टर लावला आणि अलार्म गेला. रेझिस्टर चांगलाच तापतो, वायरिंगपासून लांब बसवा. आणि पॅनेलमध्ये हात घालण्याआधी मेन बंद करून ड्राइव्हवरचा चार्जचा दिवा पूर्ण विझू द्या. कपॅसिटरमध्ये वीज शिल्लक असते.

दुसरा त्रास केबलचा. ज्यांच्याकडून सेट घेतला त्यांनी एन्कोडर केबल तोकडी पडली म्हणून साधी वायर जोडून वाढवून दिली, आणि पॉवर केबलबरोबर एकाच ट्रेमधून ओढली. कॉम्प्रेसरचा व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) चालू झाला की एन्कोडरचा अलार्म यायचा. पंधरा दिवस ‘सेटिंग बघा’ एवढंच उत्तर मिळालं. शेवटी अखंड शिल्डेड (धातूच्या जाळीचं आवरण असलेली) केबल आणली, वेगळ्या ट्रेमधून नेली, शिल्ड नीट अर्थ केलं. तो अलार्म पुन्हा आलेला नाही.

ट्यूनिंगमध्ये, म्हणजे ड्राइव्हची सेटिंग मशिनला जुळवताना, ऑटो ट्यूनिंगने बरंच काम होतं. एक आडवी अ‍ॅक्सिस बेल्टची आहे, तिथे मोटर शिट्टी मारायला लागली. आधी बेल्ट ताणला, मग गेन (चूक सुधारताना ड्राइव्ह किती जोर लावतो ते सेटिंग) कमी केला. क्रम हाच ठेवा.

सगळ्यात महत्त्वाचं कळलं ते खंडेनवमीला. पूजेसाठी मशिन पुसत होतो. आठवडाभर एका अ‍ॅक्सिसवर जॉब किंचित आत बसत होता, ड्राइव्हवर मात्र एकही अलार्म नव्हता. ऑपरेटरने कपलिंगवरची जुनी रेघ पुसायला घेतली आणि थांबला. मोटर होमला होती, तरी कपलिंगवरची रेघ ब्रॅकेटच्या रेघेपासून सरकलेली. क्लॅम्पचा बोल्ट ढिला पडून मोटरचा शाफ्ट कपलिंगमध्ये घसरत होता. एन्कोडर मोटरच्या पाठीवर बसलेला, त्याच्या हिशेबाने मोटर अगदी जागेवर होती, आणि ते खरंही होतं. मोटरच्या शाफ्टपुढे काय चाललंय, हे त्याला दिसतच नाही.

बोल्ट टॉर्क रेंचने कसले. रेघ पुसली नाही, उलट वाढवली: आता ती मोटर शाफ्ट, कपलिंगचे दोन्ही भाग आणि स्क्रू अशी सलग आहे, स्क्रू असलेल्या प्रत्येक अ‍ॅक्सिसवर. दर सोमवारी पहिली शिफ्ट सुरू होताना ऑपरेटर टॉर्च मारून ती बघतो आणि रजिस्टरमध्ये सही करतो.