गाण्यांच्या ॲपचं एक वर्ष: आश्विनात मनसोक्त ऐकलं, पण गीतकार कुठे गेले?

गेल्या दसऱ्याला सवलतीत घेतलेली गाणी ऐकायच्या एका ॲपची वर्षाची वर्गणी आता संपतेय आणि पुढच्या वर्षाचा आकडा बघून मी थबकलेच. आवाज कसा आहे, डाउनलोड कसं होतं, जाहिराती येतात का, यावर फार लिहीत नाही. त्यात मला काही खोट दिसली नाही. माझं भांडण एकाच गोष्टीशी आहे. जुन्या मराठी गाण्यांखाली गीतकाराचं नाव नसतं. कित्येकदा संगीतकाराचंही नसतं.

आश्विन हा माझा गाणी ऐकायचा महिना. पाऊस ओसरलेला असतो, कोजागरीच्या आसपास रात्री गच्चीत बसवतं. यंदा सगळ्यात जास्त वाजलं ते ‘शुक्रतारा मंद वारा’. पडद्यावर अरुण दाते दिसतात, सुधा मल्होत्रांचं नाव अर्ध्यातच तुटतं. गीतकार मंगेश पाडगावकर नाहीत, संगीतकार श्रीनिवास खळे नाहीत. ‘चांदण्यात फिरताना’ लावलं तर आशाबाई आहेत. सुरेश भट आणि हृदयनाथ मंगेशकर गायब. कोपऱ्यातली तीन टिंबं दाबून, खाली खाली सरकवत ‘श्रेय’ उघडलं, तर गीतकाराच्या रकान्यात कॅसेट कंपनीचं नाव! आकाशवाणीवर निवेदक गीत, संगीत, स्वर अशी तिन्ही नावं सांगत. ती कानावर पडून पडूनच आमच्या घरात पोळ्या लाटताना ‘ही खळ्यांची चाल’ असं ओळखू यायचं. रेडिओवर फुकट मिळत होतं ते इथे पैसे मोजूनही मिळू नये, हे मला अजिबात पटत नाही.

आणि हा नुसता हौसेचा प्रश्न नाही. 2012 साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली ती गीतकार-संगीतकारांना मानधनात वाटा मिळावा म्हणून. जिथे नावच नोंदलेलं नाही तिथे हिशेब नीट होत असेल यावर विश्वास कसा ठेवायचा?

सगळ्यात जास्त चीड ‘आनंदघन’ बघून आली. ॲपमध्ये हे कुणी वेगळेच गृहस्थ आहेत. फोटोच्या जागी करडं रिकामं वर्तुळ. ‘साधी माणसं’ला 1965 साली संगीत देणारे आनंदघन म्हणजे लता मंगेशकर, हे मराठी घरात पोरंटोरंही सांगतील. ‘ऐरणीच्या देवा तुला’ची चालही त्यांची आणि आवाजही त्यांचा, पण ॲपच्या लेखी ही माणसं दोन. शांता शेळक्यांनी ‘वसंत अवसरे’ या नावानेही गीतं लिहिली. तो धागा तर यांच्या गावीही नाही. हे सगळं मी ग्राहक सेवेला सविस्तर लिहून कळवलं. उत्तर आलं, ‘ॲप काढून पुन्हा टाकून पाहा.’ पुन्हा लिहिलं, पुन्हा तेच उत्तर.

नव्या गाण्यांना हा त्रास नाही. घटस्थापनेपासून आमच्याकडे ‘जोगवा’ची गाणी सुरू होती. 2009 चा चित्रपट. अजय-अतुल आहेत, गीतकार संजय कृष्णाजी पाटीलही आहेत, सगळं जागच्या जागी. म्हणजे रकाना आहे, भरायची इच्छा हवी.

इथपर्यंत लिहून वर्गणी बंदच करणार होते. पण दसऱ्याला नाशिकला जाताना कसारा घाटात रेंज गेली आणि ‘गीतरामायण’ सुरूच राहिलं. गेल्या वर्षी हीच गाणी अकारविल्हे लावलेली होती, त्यामुळे छप्पन्नावं ‘गा बाळांनो, श्रीरामायण’ आधी वाजायचं आणि राम जन्माला यायचा मागाहून. आता ‘स्वये श्री रामप्रभू ऐकती’पासून ओळीने छप्पन्न लागतात, आणि गीतकार गदिमा (ग. दि. माडगूळकर) व संगीतकार बाबूजी (सुधीर फडके) दोघांचीही नावं आहेत. 1955 साली पुणे आकाशवाणीवर आठवड्याला एक गाणं यायचं; मला ती सलग ऐकता आली आणि फार आनंद झाला. शब्दही देवनागरीत सरकतात, आईला चष्म्याशिवाय वाचता येतील एवढे मोठे.

तयार याद्यांच्या नादी मात्र लागू नका. कोजागरीच्या यादीत ‘तोच चंद्रमा नभात’ घातलंय, त्यात शांताबाईंनी ‘तीच चैत्रयामिनी’ लिहिलंय. गाणं इतकं सुंदर आहे की मी पुढे ढकललं नाही, पण यादी करणाऱ्याने दुसरी ओळ ऐकलेली नाही. भोंडल्याच्या गाण्यांमागे कीबोर्डचा ठेका लावलाय, तो मला दोन मिनिटंही सहन झाला नाही.

नावांसाठी मी ‘आठवणीतली गाणी’ हे संकेतस्थळ शेजारी उघडून ठेवते. तिथे गीत, संगीत, स्वर, चित्रपट, सगळं नीट मांडलेलं आहे, तेही फुकट.

वर्षाचे पैसे भरलेले नाहीत. आईसाठी आणि गीतरामायणासाठी एका महिन्याचे भरलेत, दिवाळीपर्यंत पुरतील. एकरकमी वर्षाचे हवे असतील तर ‘शुक्रतारा’खाली आधी पाडगावकर आणि खळे दिसू देत.