जुनी पॅलिओ विकायची आहे: शौकिनाला, डीलरला की भंगारात?

दारात 2002 ची फियाट पॅलिओ 1.6 उभी असेल आणि ती विकायचं घरात ठरत असेल, तर आधी आरसीवरची तारीख बघा. पहिली 15 वर्षं संपली की दर 5 वर्षांनी रि-पासिंग (नोंदणीचं नूतनीकरण) करावं लागतं, म्हणजे या गाडीची पुढची पाळी 2027 मध्ये. 20 वर्षांवरच्या कारसाठी ती फी 2025 पासून 10,000 रुपये झाली आहे, पर्यावरण कर वेगळा. हा खर्च कोण सोसणार, यावर निम्मा सौदा ठरतो.

जाहिरातीत मात्र 'विंटेज' लिहू नका. 2021 च्या नियमानुसार त्यासाठी पहिल्या नोंदणीला 50 वर्षं पूर्ण झालेली लागतात.

डीलरकडे गेलात तर काम एका दिवसात होतं. तो मॉडेलचं वर्ष बघतो, फियाटच्या गाड्या आता इथे बनत नाहीत हे ऐकवतो आणि आकडा सांगतो. बोनेटखाली 1.2 लिटरचं इंजिन आहे की 1.6 चं, याने त्याच्या आकड्यात फारसा फरक पडत नाही. घरी पार्किंगच नसेल किंवा परगावी जायची घाई असेल, तर हा मार्ग वाईट नाही.

शौकीन गिऱ्हाईक येतं तेच मुळी 1.6 साठी. 100 हॉर्सपॉवर, पाच गिअर, हायवेला रस्ता धरून बसणारी जड बांधणी. अशी हॅचबॅक त्या काळी आपल्याकडे दुसरी नव्हती, हे त्याला सांगावं लागत नाही. शहरात ती पेट्रोल पिते हेही त्याला ठाऊक असतं. तो विचारतो टायमिंग बेल्ट कधी बदलला, क्लच कुठे पकडतो, दुसरा गिअर थंड इंजिनवर अडतो का. म्हणून तो येण्याआधी इंजिन तापवून ठेवू नका, आणि विकण्यासाठी म्हणून नवा रंगही देऊ नका. मूळ रंगावरचे ओरखडे त्याला चालतात, रंगाखाली काय लपवलंय ही शंका चालत नाही. जुनी बिलं, दुसरी किल्ली, माळ्यावर ठेवलेला जादा हेडलाइट हे सगळं गाडीबरोबरच द्या. कुर्ल्यात तयार झालेल्या या गाडीचे भाग आता कुर्ल्याच्याच सीएसटी रोडवर जुन्या मालात शोधावे लागतात, त्यामुळे तो हेडलाइट त्याच्या दृष्टीने मोलाचा आहे.

यात वेळ मात्र जातो. आमच्या बाबांची पॅलिओ जायला चार महिने लागले. फुकट चक्कर मारून गेलेलेही बरेच होते.

भंगाराचा विचार पत्रा खालून कुजला असेल किंवा रि-पासिंग होण्याजोगी गाडीच उरली नसेल तेव्हाच करा. तेव्हाही नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रातच द्या. तिथे मिळणाऱ्या ठेव प्रमाणपत्रावर, म्हणजे गाडी भंगारात दिल्याच्या दाखल्यावर, नव्या खाजगी गाडीच्या करात 25 टक्क्यांपर्यंत सवलतीची तरतूद आहे. राज्य प्रत्यक्षात किती देतं ते आरटीओत विचारून घ्या. चालती 1.6 तिकडे नेऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

गाडी विकत घेणारा कोणीही असो, मालकी बदलाच्या फॉर्म 29 आणि 30 वर सही करताना घेणाऱ्याचं नाव आणि तारीख भरलेली हवी. कोरे फॉर्म घेऊन गाडी तिसऱ्याला विकणारे डीलर असतात आणि आरसी तुमच्याच नावावर राहते. अशा गाडीने अपघात केला तर भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावर येते, हे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्पष्ट केलं आहे. आम्ही खरेदीदाराबरोबर आरटीओत गेलो, अर्ज दाखल झाल्याची पावती घेतली आणि मगच किल्ली दिली. गाडी कोणत्या दिवशी, किती वाजता ताब्यात दिली याचा सहीचा कागदही ठेवला. पॉलिसीवरचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, तुमचा असतो, गाडीचा नव्हे. तो नव्या गाडीसाठी विमा कंपनीकडून लेखी मागून घ्या.