एसक्यूएल सर्व्हर सोडून पोस्टग्रेस : आठ महिन्यांनंतर

दूध संकलनाचं आमचं वेब ॲप्लिकेशन आधी मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर २०१९ या डेटाबेस सॉफ्टवेअरच्या एक्सप्रेस आवृत्तीवर होतं. मोफत आहे आणि छोट्या कामाला खरंच पुरतं. पण त्यात एका डेटाबेसला १० जीबीची मर्यादा, आणि आम्ही उत्पादकांच्या पासबुकांचे स्कॅनही टेबलातच साठवत गेलो. एका सकाळी ऐन संकलनाच्या वेळी नवी नोंद पडेना. केंद्रावर रांग उभी! जुने स्कॅन फोल्डरमध्ये हलवून दिवस निभावला, पण लायसन्सचा विचार आता टाळता येणार नव्हता.

स्टँडर्ड ही विकतची आवृत्ती घ्यायची तर लायसन्सचे दोन प्रकार : ‘सर्व्हर अधिक कॅल’ (कॅल म्हणजे प्रत्येक वापरकर्त्यामागे घ्यायचं लायसन्स) किंवा ‘कोअरनुसार’ (प्रोसेसरच्या कोअरच्या संख्येप्रमाणे). एका विक्रेत्याचं म्हणणं, तुमचं ॲप एकाच लॉगिननं डेटाबेसला जोडतं, पाच कॅल पुरेत. हे साफ चूक आहे, आणि असं ऐकून बरेच जण फसत असणार म्हणून मुद्दाम लिहितोय. मध्ये वेब सर्व्हर असला तरी त्याच्या पलीकडची माणसंच मोजायची. नियमांत याला मल्टिप्लेक्सिंग म्हणतात. आमचे १,४०० उत्पादक मोबाइलवर दहा दिवसांचं बिल बघतात, म्हणजे १,४०० कॅल. कोअरनुसार घेतलं तर माणसं मोजावी लागत नाहीत, पण किमान ४ कोअरचे पैसे भरावे लागतात. डेटाबेस चालतो ती आमची व्हर्च्युअल मशीन फक्त २ कोअरची.

म्हणून पोस्टग्रेस हा मोफत, ओपन सोर्स डेटाबेस घेतला. लायसन्स जेमतेम काही परिच्छेदांचं; वापरकर्ते, कोअर, आकार, कशाचाच हिशोब नाही. खर्च झाला तो मेहनतीचा. क्वेरींमध्ये, म्हणजे डेटाबेसला द्यायच्या आज्ञांमध्ये, टॉपच्या जागी लिमिट, इसनलच्या जागी कोअलेस असे शब्द बदलणं सोपं होतं. स्टोअर्ड प्रोसीजर (डेटाबेसमध्येच साठवलेले छोटे प्रोग्रॅम) पुन्हा लिहायला मात्र दोन महिने गेले. सगळ्यात जास्त छळलं ते इंग्रजी लहान-मोठ्या अक्षरांनी. आधी ‘पाटील’ कसंही टाइप केलं तरी सापडायचं, पोस्टग्रेस मात्र कॅपिटल पी आणि स्मॉल पी वेगळे धरतं. शोधाच्या सगळ्या क्वेरी तपासाव्या लागल्या.

आठ महिन्यांत बिलाच्या दिवशीही सर्व्हर अडलेला नाही. बॅकअप रोज रात्री आपोआप होतो : ठरल्या वेळी काम सुरू करणाऱ्या क्रॉनमधून, पोस्टग्रेसच्याच पीजी-डंप या बॅकअपच्या टूलनं.

ॲप वापरणारे ऑफिसातले दहा-पंधराच असतील, तर सर्व्हर अधिक कॅलचा हिशोब जरूर करून बघा. एक्सप्रेसची मर्यादाही २०२५च्या आवृत्तीत ५० जीबी झाली आहे. स्कॅन बाहेर ठेवले तर त्यात बरीच वर्षं निघतील.