कोलोनोस्कोपीला मिडाझोलॅम की प्रोपोफोल?

नागपूरच्या धंतोलीत कोलोनोस्कोपीची, म्हणजे दुर्बिणीने मोठं आतडं तपासण्याची, तारीख घेऊन आलेले नातेवाईक हमखास विचारतात, "डॉक्टर, बाबांना पूर्ण झोपवाल की नुसती गुंगी?" मी भूलतज्ज्ञ. आधी मीच विचारते, बाबा रात्री घोरतात का? घोरताना श्वास अडकतो का? तसं असेल तर दोन्ही औषधांत जपावं लागतं.

नुसत्या गुंगीसाठी मिडाझोलॅम. शिरेतून दिल्यावर 2-3 मिनिटांत डोळे जड होतात. हाक मारली तर पेशंट ओ देतो, पण नंतर त्याला फारसं आठवत नाही. याने दुखणं थांबत नाही, म्हणून बहुधा जोडीला फेंटानिल देतात, आणि दोन्ही मिळून श्वास आणखी मंदावतो. जमेची बाजू म्हणजे याला उतारा आहे, फ्लुमाझेनिल. मात्र उताऱ्याचा असर आधी ओसरतो आणि पेशंट पुन्हा गुंगीत जाऊ शकतो, म्हणून त्यानंतर घरी न्यायची घाई करू नका. म्हाताऱ्या माणसांत गुंगी लांबते, कुणी कुणी बरळतंही. त्यांना मी अगदी कमी मात्रेने सुरुवात करते.

प्रोपोफोल दुधासारखं पांढरं. टोचताना हात चुरचुरतो, पण अर्ध्या-पाऊण मिनिटात झोप लागते आणि थांबवलं की बहुतेकांना 5-10 मिनिटांत स्वच्छ जाग येते. यानेच पेशंट जास्त समाधानी असतात. पण रक्तदाब उतरतो, श्वास थांबू शकतो, आणि याला उतारा नाही. मायकल जॅक्सन 2009 मध्ये याच औषधाने गेला, घरच्या खोलीत, धड देखरेख नसताना. भूलतज्ज्ञ फक्त तुमच्या माणसाच्या श्वासाकडे बघत बसणार असेल आणि कॅप्नोग्राफ (उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारं यंत्र) लावलेला असेल, तर मी प्रोपोफोलच सुचवेन. तसं कुणी नसेल तर मिडाझोलॅमची हलकी गुंगी बरी.

गुंगीचं तिसरं औषध डेक्समेडेटोमिडिन. ते श्वासाला फारसा धक्का लावत नाही, पण नाडी मंदावते आणि चढायलाच 10 मिनिटं लागतात. एवढ्याशा तपासणीला मी ते घेत नाही.

उपाशी राहणं दोन्हीला सारखंच: दुधाचा चहा 6 तास आधी बंद, साधं पाणी 2 तास आधी. "थोडा संत्र्याचा रस घेतला फक्त," असं सांगतात. गर असलेला रस पाण्यात मोजत नाहीत. तो पोटातून उलटून फुप्फुसात गेला तर जिवावर बेततं, म्हणून मी तपासणी पुढे ढकलते. आणि कितीही ताजंतवानं वाटलं तरी पेशंटने 24 तास स्कूटर चालवायची नाही. न्यायला कोण येणार, ते तारीख घेतानाच ठरवा.