उत्तर मागच्या बाजूला

जुने फोटो, पत्रं आणि कॅसेट स्कॅन करून, कॉम्प्युटरवर उतरवून देणाऱ्या एका दुकानाबद्दल लिहितेय. आधी पैशांचं सांगून टाकते, म्हणजे ज्यांना तेवढंच हवंय ते मोकळे. अल्बमची ३८ पानं, पानाला ४० रुपये. सुटे फोटो ६४, दोन्ही बाजू धरून १२८ स्कॅन, प्रत्येकी १२ रुपये. पत्रं आणि बाकीचे कागद मिळून ११७ बाजू, दर तोच. पाच कॅसेट, प्रत्येकी ३५०. एकूण ६,२१० रुपये, पक्कं बिल. सांगितले होते तीन आठवडे, लागले सात.

दुकानाचं नाव लिहीत नाहीये. मालकांनीच नको म्हटलं. नाव झालं की लोक लग्नाचे व्हिडिओ घेऊन येतात आणि ते काम त्यांना करायचं नाही. टिळक रोडच्या मागच्या एका गल्लीत, जिन्याखाली, पाटी नाही. शोधणाऱ्याला सापडेल. याच्याआधी ज्या दुकानात गेले होते त्याचंही नाव लिहीत नाहीये, पण ते वेगळ्या कारणानं.

मी भाषांतरं करते, मुख्यतः चाकणच्या कंपन्यांची जर्मन मॅन्युअलं. जर्मन मला आईकडून आली आणि आईला तिच्या बाईंकडून. बाई मूळच्या व्हिएन्नाच्या, ज्यू. मार्च १९३८ मध्ये हिटलरनं ऑस्ट्रिया गिळला आणि पुढच्या वर्षी बाई त्रिएस्तहून बोटीनं मुंबईला उतरल्या. आईवडील मागे राहिले. सप्टेंबरात युद्ध सुरू झालं तेव्हा इंग्रज सरकारच्या लेखी बाई जर्मन, म्हणजे शत्रूच्या नागरिक. ज्यांच्यापासून पळून आल्या त्यांच्याच खात्यात जमा! असे बरेच ज्यू निर्वासित तेव्हा इथे स्थानबद्ध झाले. आपल्या पुरंदरला आणि साताऱ्याला त्यासाठी छावण्या होत्या. बाई पुरंदरला होत्या. सुटल्यावर पुण्यातच राहिल्या, नारायण पेठेत दोन खोल्या भाड्यानं घेतल्या आणि जन्मभर शिकवण्या केल्या. त्या गेल्यावर त्यांची पत्र्याची ट्रंक आईकडे आली. मागच्या वर्षी आई गेली, ट्रंक माझ्याकडे.

ट्रंकेत काळ्या पानांचा अल्बम, सुटे फोटो, घरची पत्रं, बाईंनी लिहायला घेऊन अर्ध्यावर सोडलेल्या आठवणींची चाळीसेक टाइप केलेली पानं, आणि १९८४ साली आईनं बाईंना बोलतं करून भरलेल्या कॅसेट.

पहिलं दुकान झकपक होतं. काचेचं दार, एसी, फोटोला आठ रुपये, दोन दिवसांत पेन ड्राइव्ह हातात. घरी उघडून पाहिलं तर सगळं लख्ख. डाग गेलेले, घड्या गेलेल्या, फोटोंच्या दातेरी पांढऱ्या कडा कापून सरळ केलेल्या, चेहरे साखरपुड्याच्या अल्बमसारखे गुळगुळीत. मी खूश झाले, खोटं कशाला बोलू.

मग तो फॉर्म उघडला.

युद्धात शत्रूच्या देशाशी टपाल बंद होतं. रेड क्रॉसमार्फत एक छापील फॉर्म पाठवता यायचा. मजकूर जास्तीत जास्त २५ शब्द, तोही फक्त घरगुती खुशालीचा. तो जिनिव्हामार्गे महिनोन्‌महिने फिरत पोचायचा. ज्याला मिळाला त्यानं त्याच कागदाच्या पाठीवर २५ शब्दांत उत्तर लिहायचं, की कागद उलट्या वाटेनं पाठवणाऱ्याकडे परत. बाईंकडे असा एकच फॉर्म आहे. पुढे व्हिएन्नातल्या आईवडिलांना बाईंचे शब्द: मी बरी आहे, काम मिळालंय, तुम्ही कसे आहात, लिहा. पेन ड्राइव्हवर एवढंच. उत्तर मागच्या बाजूला लिहावं, असं त्या फॉर्मवर छापलेलं आहे. लेकीचा प्रश्न दुकानानं छान उजळून दिला होता आणि तिच्या आईचं उत्तर घेतलंच नव्हतं.

मागे पेन्सिलीनं चार ओळी आहेत. मोजले, १९ शब्द. सहा हातातले राहिलेच. दोघांची तब्येत ठीक, काळजी करू नकोस, खूप प्रेम. आणि मधे एक वाक्य, आम्ही लवकरच प्रवासाला निघतोय. तारीख जुलै १९४२ ची. प्रवासासाठी जो शब्द वापरलाय तो जर्मनमध्ये सुट्टीवर जाण्यासाठीही चालतो, दर डिसेंबरात कंपनीच्या ईमेलमध्ये मला तो वाचायला मिळतो. त्या उन्हाळ्यात व्हिएन्नाच्या म्हाताऱ्या ज्यूंना भरून गाड्या आस्पांग स्टेशनातून तेरेझिनच्या नाझी छावणीकडे जात होत्या. सेन्सॉरच्या नजरेखालून जाण्याजोगा शब्द तेवढाच असावा.

मी दुकानात परत गेले. काउंटरवरच्या मुलाला विचारलं, मागची बाजू का नाही घेतली? तो शांतपणे म्हणाला, “मॅडम, मागे फोटोच नाहीये.”

जिन्याखालच्या दुकानात पहिलं वाक्य ऐकलं ते, “ताई, हात धुऊन या.” मालक साठीचे, पूर्वी एका छापखान्यात प्रोसेस कॅमेऱ्यावर होते. त्यांनी ट्रंक उघडली आणि काहीही न उचलता आधी वरून फोटो काढला. मग एकेक थर काढत गेले, दर थराला एक फोटो. कुठला कागद कशाच्या खाली होता तेही राहिलं पाहिजे, म्हणाले. मोठमोठे दफ्तरखाने हेच करतात, मूळ क्रम मोडत नाहीत, हे मला नंतर वाचून कळलं. यांना ते कुणी शिकवलं विचारलं तर म्हणाले, “छापखान्यात पानं पडली की कळतं.”

कामाची पद्धत थोडक्यात अशी. अल्बमचं आधी अख्खं पान, मग प्रत्येक फोटो वेगळा. चिकटवलेला असेल तर हात लावायचा नाही. कोपऱ्यांत खोचलेला असेल तर काढून पाठ स्कॅन करायची आणि परत खोचायचा. शेजारी करड्या छटांची पट्टी ठेवलेली, म्हणजे उद्या कुणी पाहिलं तर रंग किती खरा ते ताडता येईल. कृष्णधवल फोटोसुद्धा रंगीतच स्कॅन करतात, कारण पिवळेपणा हाही फोटोचाच. फोटो ६०० डीपीआयला, टिफ फाइलमध्ये. नातेवाइकांना पाठवायला छोट्या जेपेग वेगळ्या. उजळणं, पुसणं, कापणं काही नाही.

पुरंदरचा एक फोटो आहे. पुढून पाहिलं तर धुकं, छत्री धरलेली एक बाई आणि तटाचा तुकडा. आईनं तो वर्षानुवर्षं ‘बाई महाबळेश्वरला’ म्हणून दाखवला होता. उलटा केला तर पाठीवर बाईंच्या अक्षरात जर्मनमध्ये: पुरंदर, ऑगस्ट १९४१, धुक्यामुळे किल्ला दिसत नाही आणि किल्ल्यामुळे दुसरं काही दिसत नाही. शाळेत तहाचं साल पाठ केलेला किल्ला. त्यावर कुणी व्हिएन्नाची बाई पावसाळा मोजत बसली होती हे मला बारा रुपयांत कळलं.

आता डागाचं. अल्बमच्या प्रत्येक पानावर खालच्या तिसऱ्या हिश्शात एक तपकिरी रेघ आडवी जाते. पहिल्या दुकानानं ती झाडून सगळ्या पानांवरून पुसली होती. या मालकांनी तिच्याजवळ बोट नेलं, टेकवलं नाही, आणि विचारलं, “पानशेत ना?” पानशेतच. १२ जुलै १९६१, बाईंच्या तळमजल्यावरच्या खोलीत पाणी शिरलं तेव्हा ट्रंक खाटेखाली होती. व्हिएन्नाहून निघालेले फोटो मुठेच्या गाळात भिजले, हे त्या फोटोंचं चरित्र झालं, घाण नव्हे.

तेव्हा मला पोलंडमधलं वॉर्सा आठवलं. तिथल्या घेट्टोत, म्हणजे नाझींनी ज्यूंना कोंडलेल्या वस्तीत, इतिहासकार इमॅन्युएल रिंगेलब्लूम आणि त्यांच्या साथीदारांनी गुपचूप कागद जमवले होते. डायऱ्या, निबंध, पत्रकं, पत्रं, हाताला लागेल ते. ऑगस्ट १९४२ मध्ये त्यातले काही दहा पत्र्याच्या पेट्यांत घालून पुरले, फेब्रुवारी १९४३ मध्ये आणखी काही दुधाच्या दोन मोठ्या कॅनमध्ये. १९४६ साली पेट्या उकरल्या तर आत पाणी गेलेलं, शाई उतरलेली. १९५० साली कॅन सापडले, त्यांतले कागद बरेच सुस्थितीत. आज ती पस्तीसएक हजार पानं वॉर्सातच आहेत. दुधाचा कॅन तो, दूध बाहेर सांडू देत नाही तसं पाणी आतही घेत नाही. आमच्या ट्रंकेला तसं झाकण असतं तर मालकांना ओळखायला रेघ उरली नसती.

कॅसेटचं काम मला सगळ्यात आवडलं. एकीची आतली फेल्टची गादी गळून पडली होती, ती त्यांनी दुसऱ्या कॅसेटमधून काढून बसवली. प्रत्येक कॅसेट आधी हातानं सैल केली, मग एकदाच, नेहमीच्या वेगानं, सलग वाजवली आणि वेव्ह फाइलमध्ये घेतली. मधे त्यांचा प्रश्न आला: “तिसऱ्या कॅसेटमध्ये जवळजवळ मिनिटभर काहीच नाहीये. ठेवू?” पहिल्या दुकानाच्या दरपत्रकात अशा जागा कापण्याचे वेगळे पैसे होते.

ती जागा मी आता दहाएक वेळा ऐकली आहे. बाई मराठीत सांगतायत, लिंगं नेहमीसारखी चुकलेली: “नंतर तो पत्र आला नाही.” आई विचारते, मग? त्यानंतर ५२ सेकंद भिंतीवरचं घड्याळ, खालच्या रस्त्यावर बोहारणीची हाक, आणि बाई म्हणतात, “चहा टाकतेस?” कापलं असतं तर पत्र आलं नाही आणि चहा टाक ही लागोपाठची दोन वाक्यं झाली असती.

१९४६ साली डेव्हिड बोडर नावाचे मानसशास्त्रज्ञ शिकागोहून तारेवर आवाज भरणारं यंत्र घेऊन युरोपात गेले. निर्वासितांच्या छावण्यांत फिरून त्यांनी शंभरावर माणसांना ज्याच्या त्याच्या भाषेत बोलू दिलं. त्यातल्या काही मुलाखती आज इंटरनेटवर ऐकायला मिळतात. खोकले, थांबणं, मधेच भाषा बदलणं, सगळं आहे. पुढे अमेरिकेत न्यू हेवनला १९७९ पासून नाझींच्या तावडीतून वाचलेल्यांच्या साक्षी व्हिडिओवर घेतल्या गेल्या, त्या आता तिथल्या येल विद्यापीठात आहेत. १९९४ नंतर सिनेमावाल्या स्पीलबर्गच्या संस्थेनं पन्नास हजारांवर घेतल्या. त्यांच्यापुढे आमच्या पाच कॅसेट म्हणजे काहीच नाहीत. पण बोहारीण आमच्याचकडे आहे.

तक्रारी आहेतच. मालक फोन उचलत नाहीत. बसायला खुर्ची नाही, जिन्याच्या पायरीवर बसावं लागतं आणि वरचे भाडेकरू सायकल घेऊन उतरले की उठावं लागतं. फायलींच्या नावांत जर्मन अक्षरांवरची टिंबं उडाली, ती मी घरी बसून दोन रविवार दुरुस्त केली. आणि बोलणी फार खाल्ली: एका पत्राला सेलोटेप लावली म्हणून (लावली आईनं, ऐकली मी), फोटोंवर बॉलपेननं नंबर टाकले म्हणून, डांबरगोळ्या थेट अल्बममध्ये ठेवल्या म्हणून. सेलोटेप त्यांनी स्वतः काढली नाही. ते शिकलेल्या माणसाचं काम, म्हणाले. लॅमिनेशन हा शब्द तर त्यांच्यासमोर उच्चारूच नका. ट्रंक आता जमिनीपासून फूटभर उंच, माळ्यावर नाही, आत सिलिका जेलच्या पुड्या, आणि फायलींची एक प्रत नागपूरला मामेभावाकडे. 

मूळ ट्रंक शेवटी कुठे जावी हे ठरत नाहीये. जेरुसलेमच्या याद वाशेमला, म्हणजे ज्यू हत्याकांडाच्या स्मारकाला, वॉशिंग्टनच्या त्याच विषयाच्या संग्रहालयाला, की जिथून निघाली त्या व्हिएन्नाला? तोवर एवढं केलं की याद वाशेमचा तो साक्षीचा फॉर्म, मारल्या गेलेल्या प्रत्येक माणसासाठी एक पान असतो तो, बाईंच्या आईवडिलांसाठी भरला. दोन पानं. त्यात भरणाऱ्याचं मृताशी नातं विचारतात. बराच वेळ थांबून लिहिलं: मुलीच्या विद्यार्थिनीची मुलगी.

पाचपैकी चार स्टार. एक कापला तो फोनसाठी.

सामान परत घेताना मालकांनी खाकी कागदाचं एक छोटं पाकीट वेगळं दिलं. आत अकरा गंजलेल्या टाचण्या, आणि पाकिटावर पेन्सिलीनं यादी, कुठली टाचणी कुठल्या पत्रातली. “फेकू का विचारायला दोनदा फोन केला होता,” म्हणाले, “तुम्ही उचलला नाहीत.” बिलात पाकिटाचे पैसे नाहीत.