बॅरल आलंच नाही, 270 डॉलर गेले

सहा आठवडे कुणाला बोललो नाही. बायकोलाही अर्धंच सांगितलं होतं. परवा इथल्याच, ह्यूस्टनमधल्या एका मराठी मित्राने "स्वस्तात मिळतंय, घेऊ का?" म्हणून रायफलीच्या बॅरलचा, म्हणजे नळीचा, एक फोटो पाठवला आणि माझं डोकं फिरलं. तोच फोटो! म्हणून लाज सोडून लिहितोय.

माझ्याकडे रुगर 10/22 आहे. पॉइंट टू-टूची साधी रायफल, रविवारी रेंजवर कागदाला भोकं पाडायला. 50 यार्डांवर ग्रूप, म्हणजे भोकांचा पसारा, दीड इंचाच्या खाली येईना. जाड मॅच बॅरल (नेमबाजी स्पर्धेचं) बसवलं की ग्रूप आवळतो, हे रेंजवर कुणीही सांगतं. शिवाय या रायफलीचं बॅरल घरच्या घरी बदलता येतं: एक व्ही-ब्लॉक (बॅरल आवळून धरणारा ठोकळा), दोन स्क्रू, एक ॲलन की. मला हवं होतं ते दुकानात 260 डॉलरला होतं. मेसेजवरचा एक अनोळखी विक्रेता म्हणाला, जेमतेम तीनशे गोळ्या झाडलेलं आहे, 165 द्या, पोस्टेज 20. पन्नास म्हणाला असता तर मी हसून सोडून दिलं असतं. हरामखोराला बाजारभाव पक्का ठाऊक होता.

आता तो फोटो. बॅरलच्या एका टोकाला आटे होते. 10/22च्या बॅरलचं मागचं टोक गुळगुळीत असतं, ते रिसीव्हरमध्ये (रायफलीच्या मुख्य सांगाड्यात) नुसतं सरकतं. खालून व्ही-ब्लॉकची खाच, बाजूला एक्स्ट्रॅक्टरची (झाडलेली पुंगळी ओढून काढणाऱ्या आकड्याची) खाच. फोटोत दोन्ही नव्हत्या. मी मेकॅनिकल इंजिनिअर, बावीस वर्षं लोकांची ड्रॉइंगं तपासून पोट भरतो. आटे मला दिसले होते, पण मी मनाशी म्हटलं, तोंडाकडची बाजू असेल, तिथे आटे असू शकतात. अहो, तोंडाकडचं टोक त्याच फोटोत समोर होतं, क्राउनसकट (तोंडाच्या घडवलेल्या कडेसकट)! ते बॅरल भलत्याच रायफलीचं होतं. रोज रात्री तो फोटो उघडून बघतो.

185 पाठवले. दोन दिवसांनी मेसेज: "कागदपत्रांचे 85." इथल्या केंद्रीय कायद्याने नंबर असलेला रिसीव्हर म्हणजे बंदूक, बॅरल हा सुटा भाग, तो टेक्सासमध्ये गाडीच्या पार्टसारखा घरपोच येतो. हेही मला माहीत होतं. पण सांगलीकडे काकांच्या पीकसंरक्षण परवान्यासाठी कलेक्टर कचेरीच्या खेपा बघत वाढलेला माणूस मी. आपल्या 1959च्या शस्त्र कायद्यात सुटे भागही शस्त्रातच धरलेत. कागदपत्रं म्हटलं की आमचा हात आपोआप खिशाकडे जातो. गेला. तिसऱ्यांदा "परत मिळणारा विमा, 140" आला तेव्हा कुठे ट्यूब पेटली.

पैसे परत मिळतील या भ्रमात राहू नका. बँकेने 47 मिनिटं संगीत ऐकवलं आणि विचारलं, "तुम्हीच पाठवलेत ना? मग व्यवहार अधिकृत." अधिकृत! चोराने बंदूक रोखून नेले असते तर बरं झालं असतं, निदान फॉर्म तरी वेगळा असता. पोलिसांत गेलो तर रायफलीचं बॅरल ऐकून पहिला प्रश्न मलाच: कशासाठी हवं होतं? घरी अजून काय काय आहे? अर्धा तास आरोपीसारखा उभा होतो, हाती आला फक्त तक्रारीचा नंबर. सरकारी पोर्टलवर दीड तास फॉर्म भरला. आपोआप येणारी एक मेल आली, त्यानंतर शुकशुकाट. पैसे पाठवायच्या ॲपवाल्यांनी "तपास सुरू आहे" कळवलं, आणि पंधरा दिवसांत तोच भामटा नव्या नावाने हजर. तपास कोण करतंय, तोच का?

अनोळखी माणसाला ॲपमधल्या "मित्र-नातेवाईक" पर्यायातून दमडीही पाठवू नका. आजची तारीख लिहिलेल्या चिठ्ठीशेजारी वस्तू ठेवून नवा फोटो मागा, आणि मागचं टोक दाखवायला सांगा. मी मागितला होता. "सर, कॅमेरा खराब आहे" म्हणाला. ज्या फोनवरून मला मेसेज करत होता, त्याचा कॅमेरा! आणि बॅरलच्या मागे लागण्याआधी गोळ्या बदलून बघा. रेंजवरच्या एका म्हाताऱ्याने वेगळ्या जातीची एक डबी हातात ठेवली. त्याच जुन्या बॅरलमधून ग्रूप इंचाच्या आत आला. डबी आठ डॉलरची.

त्या भामट्याचा नंबर अजून ब्लॉक केलेला नाही; पुरावा म्हणून ठेवलाय, कुणी मागितलाच तर. काल पुन्हा मेसेज होता: "सर, 140 राहिलेत."