वाडीची शाळा की समूह शाळा? ठरावावर सही करण्याआधी

सातारा जिल्ह्यात पाटण, जावळी किंवा महाबळेश्वर तालुक्यातल्या एखाद्या वाडीत तुम्ही शाळा व्यवस्थापन समितीवर असाल, तर हा प्रश्न आज ना उद्या तुमच्यापुढे येणारच. पटावर दहा-बारा पोरं उरलेली वाडीची शाळा टिकवायची, की पोरांना खालच्या गावातल्या मोठ्या शाळेत पाठवायला होकार द्यायचा? सप्टेंबर 2023 मध्ये शिक्षण आयुक्तालयाने 20 पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचे प्रस्ताव मागवले. नमुना म्हणून पुणे जिल्ह्यातल्या पानशेत आणि नंदुरबारमधल्या तोरणमाळ इथल्या समूह शाळांची नावं पुढे केली. तेव्हापासून ही चर्चा काही थांबलेली नाही.

निव्वळ शिकवण्यापुरतं बघितलं तर मोठी शाळा उजवी, हे आधी मान्य करू. वाडीवर एकाच खोलीत पहिली-दुसरी एका फळ्याकडे तोंड करून बसते आणि तिसरी-चौथी पाठ फिरवून मागच्या भिंतीवरच्या फळ्याकडे. गुरुजी इकडे पाढे म्हणायला लावतात नि तिकडे भागाकार तपासतात. माणूस हाडाचा शिक्षक असेल तर यातही गंमत आहे. दुसरीतलं पोर कानावर पडून पडूनच तिसरीचं अर्धं शिकून जातं. पण कायद्याने 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक असले, तरी एक केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, बैठकीला आणि दुसरे रजेवर अशी वेळ आली की त्या दिवशीची शाळा म्हणजे नुसती खिचडी. वर निवडणुकीची कामं, ऑनलाइन माहिती भरणं, पोषण आहाराचा हिशेब. मोठ्या शाळेत हीच कामं चार-सहा जणांत वाटली जातात.

सहावीच्या पुढे तर तुलनाच नको. सहावी ते आठवीला गणित-विज्ञान, सामाजिक शास्त्र आणि भाषा यांना वेगवेगळे शिक्षक हवेत असं शिक्षण हक्क कायदा सांगतो. वाडीवर ते कुठून आणणार?

आता रस्त्याचं बोलू, कारण सगळं तिथेच अडतं. आपल्या राज्याच्या नियमांत पहिली ते पाचवीसाठी शाळा घरापासून 1 किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीसाठी 3 किलोमीटरच्या आत असायला हवी. कागदावरचं हे अंतर आपल्या डोंगरात फसवं असतं. महाबळेश्वरच्या पट्ट्यात वर्षाला 5 हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. जुलै 2021 मध्ये पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगावला दरडी कोसळल्या, हे कोणी विसरलेलं नाही. आणि जावळीतल्या खिरखंडीच्या मुली स्वतः होडी वल्हवत कोयनेचं पाणी ओलांडून शाळेला जातात, ही बातमी आल्यावर जानेवारी 2022 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली होती. या मुली शाळा सोडून घरी बसल्या नाहीत याचं कौतुक जरूर करावं, पण सहा वर्षांच्या पोराकडून तीच अपेक्षा धरायची का?

गाडी मिळेल, असं बैठकीत सांगितलं जातं. तेव्हा खोदून विचारा. गाडी कुणाची, डिझेल कोण घालणार, पैसे थकले तर ती चालू राहणार का, लहान पोरांसोबत बाईमाणूस असणार का? एसटीच्या भरवशावर राहणार असाल तर आणखी एक गोष्ट बघा. गावाकडच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेचा मोफत पास मिळतो तो पाचवीपासून. पहिली-दुसरीच्या मुलीला तो नाहीच. शाळा पाचला सुटते आणि संध्याकाळची एकुलती एक गाडी साडेसहाला असेल, तर पोरगी दीड तास स्टँडवर काढणार आणि पावसाळ्यात अंधारात घरी पोचणार. असं महिनाभर झालं की आई म्हणते, राहू दे आता, धाकट्याला सांभाळ. बहुतेक मुलींची शाळा सुटते ती अशी, भांडण-तंटा न होता.

वसतिगृह हा तिसरा मार्ग सातारकरांना नवा नाही. भाऊराव पाटलांनी 1919 साली कराड तालुक्यातल्या काल्याला रयत शिक्षण संस्था काढली आणि 1924 पासून साताऱ्याच्या वसतिगृहात सगळ्या जातींची खेड्यातली मुलं एका पंगतीला बसवली. दुर्गम भागाला यापेक्षा चांगली सोय अजून कुणाला सुचलेली नाही. पण ती कळत्या वयाच्या मुलांसाठी. पहिलीतलं लेकरू वसतिगृहात ठेवायला माझा तरी होकार नाही.

म्हणून माझं मत असं, की दोन शाळांतून एक निवडू नका, इयत्ता निवडा. चौथीपर्यंत पोरं वाडीतच राहू द्या, एकच शिक्षक असला तरी. त्याच्या रजेच्या दिवशी बदली कोण येणार एवढं मात्र केंद्रप्रमुखांकडून लेखी घ्या. पाचवीपासून मोठी शाळा. कायद्याने प्राथमिक पाचवीपर्यंत असलं, तरी आपल्याकडे बऱ्याच वाड्यांत शाळा चौथीलाच संपते, तेव्हा घरच्यांनाही हे काही जगावेगळं वाटणार नाही. पट तीन-चारवर आला असेल आणि बरोबरीचं एकही पोर उरलं नसेल, तर मात्र लहानांनाही पाठवलेलं बरं. एकट्या पोराने खेळायचं कुणाशी?

होकार द्यायचाच असेल तर पहिलं वर्ष तात्पुरतं म्हणून द्या आणि ठरावात गाडीच्या वेळा, मार्ग, सोबतीची व्यवस्था सगळं घाला. गाडी बंद झाली तर वाडीची शाळा पुन्हा भरेल, हे वाक्यही घाला. समितीत निम्म्या बायका असाव्यात असा नियम आहे. त्यांना नुसतं सहीपुरतं बोलावू नका, पोरं आणायला-सोडायला त्याच जाणार आहेत.

आणि हे सगळं ऑगस्टमध्येच उरका. संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक मिळणार याची मंजुरी, 30 सप्टेंबरच्या पटावर होते. आईबाप मुंबईला आणि पोर आजीकडे, अशी दोन-तीन मुलं प्रत्येक वाडीत निघतात. ती पटावर चढली आहेत का, ते आधी हजेरी काढून बघा.